काळीची ओल आणि चाचणीचा आकडा

वैशाखातली गोष्ट आहे. जामखेडहून सीनेकडे उतरणाऱ्या पट्ट्यात, एका रानात आम्ही वाळू भरून मातीची घनता काढत होतो. ज्वारी निघून गेली होती, धसकटे तेवढी उभी होती आणि रान असे भेगाळले होते की कोयता मुठीपर्यंत आत जावा. दहा सेंटिमीटर व्यासाचा, पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घेतला, निघालेली माती पिशवीत बांधली, वर सिलिंडर ठेवून झडप उघडली. वाळू खाली उतरताना बारीक सरसर आवाज येतो आणि खड्डा भरला की तो थांबतो. त्या दिवशी तो थांबेना. सोबतच्या पोराने सिलिंडरला कान लावला आणि म्हणाला, "साहेब, ही खालीच चाललीय." खड्ड्याच्या तळाशी एक भेग होती, वरून मातीच्या भुशाने झाकलेली. वाळू तिच्यातून निघून गेली होती. त्याच वाळूवर हिशेब मांडला असता तर खड्डा मोठा ठरला असता आणि माती हलकी. प्रत्यक्षात शेजारचे ढेकूळ विटेसारखे टणक होते.

आम्ही जागा बदलली. भेग नसलेला तुकडा पाहून दुसरा खड्डा घेतला. आकडा झकास आला आणि तोच वहीत गेला. पहिली जागा का सोडली, भेगा किती अंतरावर होत्या, किती रुंद होत्या, यातले एक अक्षर मी लिहिले नाही. चित्रा नक्षत्र संपता संपता त्याच रानात पुन्हा जाण्याचा योग आला. भेगा मिटल्या होत्या. त्याच खोलीवर, त्याच हातांनी कोरडी घनता काढली तर ती वैशाखापेक्षा कमी भरली. मधल्या काळात रान कुणी इतके खोल नांगरले नव्हते की उकरले नव्हते. माती पाणी पिऊन फुगली होती, तेवढेच घडले होते. दोन्ही आकडे खरे होते. त्यांच्यातले अंतर समजावून सांगणारी नोंद मात्र वहीत नव्हती, आणि ती न करण्याची चूक माझी होती. हे पुस्तक त्या कोऱ्या रकान्यातून निघाले.

मातीत तिघांची वस्ती असते: कण, कणांमधले पाणी आणि उरलेल्या पोकळीतली हवा. सगळी पोकळी पाण्याने भरली की माती संपृक्त. हवेला जागा उरली की असंपृक्त. पाठ्यपुस्तकातली बहुतेक सूत्रे पहिल्या मातीची आहेत आणि आपण उभे असतो दुसऱ्या मातीवर. नगर, बीड, सोलापूरकडच्या जमिनीचा वरचा दोन-तीन मीटरचा थर वर्षातले बहुतेक दिवस असंपृक्तच असतो. शेतकऱ्याकडे या अवस्थेतल्या एका नेमक्या टप्प्यासाठी शब्द आहे: वाफसा. पाऊस उघडला, वरचे पाणी निथळले, ढेकूळ मुठीत दाबले की फुटते पण बोटांना चिकटत नाही, बैलाचा पाय रुतत नाही आणि पाभर मोकळी चालते, म्हणजे वाफसा आला. ओल किती टक्के हे कुणी मोजत नाही, पण त्या ओलीला माती कशी वागेल हे शेतकरी अचूक ओळखतो. पेरणी वाफशावर करायची हे ज्याला कळते, त्याला चाचणीही ओल ओळखून करायची असते हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. इंजिनिअरला तो जास्त लागतो, असा माझा अनुभव आहे.

अर्धवट ओल्या मातीत पाणी कणांच्या सांदीत ताणून धरलेले असते. त्याचा दाब पोकळीतल्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. या फरकाला इंजिनिअर सक्शन म्हणतात, शेतीशास्त्रात ओलाव्याचा ताण म्हणतात. मी पुस्तकभर 'ओढ' हा शब्द वापरला आहे, कारण माती पाण्याला ओढून धरते आणि पाणी कणांना एकमेकांकडे ओढते, हे दोन्ही त्यात येते. पाऊस होऊन जास्तीचे पाणी निथळले की ही ओढ साधारण 33 किलोपास्कल असते. पीक कायमचे कोमेजते तेव्हा ती 1500 किलोपास्कलच्या आसपास पोचते. उन्हाने करपलेल्या उघड्या थरात याच्याही कितीतरी पुढे जाते. ओढ वाढली की माती ताठ होते आणि पाणी मिळाले की ही ताठरता सुटते. हिशेबासाठी 200 किलोपास्कल ओढ आणि ओढीमुळे येणाऱ्या बळाचा कोन 15 अंश धरला, तर मातीला सुमारे 54 किलोपास्कल जादा संसक्ती (कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे बळ) उसनी मिळते. उथळ पायाच्या धारणशक्तीला एवढ्याने कितीतरी फुगवटा येतो. उन्हाळ्यात घेतलेल्या चाचणीत हे उसने बळ मातीच्या स्वतःच्या बळात मिसळून येते आणि यंत्र दोघांना वेगळे करून दाखवत नाही.

आता या पुस्तकासाठी जामखेडच का, हे सांगायला हवे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. नगर जिल्ह्याचा सरासरी पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला, आणि त्यातला भरवशाचा हिस्सा सप्टेंबरात पडणारा. मृगाकडे डोळे लागतात हे खरे, पण रब्बीची ज्वारी ठरते ती उत्तरा-हस्ताच्या पावसावर. त्या पावसाने काळीत जी ओल साठते तिच्यावर मालदांडी थंडीत वाढते आणि वरून पाण्याचा थेंब न पडता कणसात येते. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात उन्हाबरोबर ज्वारीची मुळेही जमीन कोरडी करत असतात, आणि ती उन्हापेक्षा खोल पोचतात. पिकाच्या रानात आणि शेजारच्या पडीक रानात एकाच दिवशी घेतलेल्या दोन बोअरमध्ये फरक दिसतो तो पुष्कळदा इथून येतो.

दुसरे कारण जमिनीच्या विविधतेचे. खर्ड्याच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर मुरूम आणि बरड, खडक हाताला लागेल इतका वर. सौताड्याच्या कड्यावरून उडी घेणारी विंचरणा ज्या भागातून वाहते तिथे मध्यम खोलीची काळी. चौंडीकडे, सीनेच्या काठाला खोल काळी, मध्येच चुनखडीचे खडे आणि कुठे कुठे चोपण. बेसॉल्ट एकच, पण त्याची झीज होऊन झालेल्या या मातींची पाण्याशी वागण्याची रीत वेगवेगळी. मुरुमातून पाणी तासाभरात निघून जाते. खोल काळीत माँटमोरिलोनाइट जातीचे चिकणखनिज असते, ते आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. एका तालुक्यात, तासाभराच्या प्रवासात, हे सगळे पाहायला मिळते. शिकण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

जुन्या गावरचनेला हे कळले होते. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, अशी जमिनीची वाटणी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. गावठाण पांढरीवर बसे आणि तिच्याच मातीच्या भिंती उभ्या राहत. सैन्येही ऋतू पाहूनच निघत. दसऱ्याला सीमोल्लंघन ही रीत धर्माची तशी जमिनीचीही होती; पाऊस सरून रान वाळल्याशिवाय तोफांचे गाडे काळीतून पुढे सरकत नाहीत. 1795 साली खर्ड्याची लढाई झाली तो मार्च महिना होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत व्हिक्सबर्गच्या प्रयोगकेंद्राने कोणत्या ओलीला रणगाडा रुतेल आणि कोणत्या ओलीला चालेल हे शंकू टोचून मोजायला सुरुवात केली. क्षेत्रचाचणीच्या इतिहासात त्या कामाला मोठे स्थान आहे. प्रश्न मात्र दसऱ्याइतकाच जुना.

या विषयाचे शास्त्र दोन घरांत वाढले आणि बराच काळ त्या घरांचे एकमेकांकडे जाणे-येणे नव्हते. थोरले घर शेतीचे. एडगर बकिंगहॅम याने अमेरिकेच्या मृदा विभागात केलेल्या कामातून 1907 साली मातीतल्या पाण्याच्या ओढीची कल्पना प्रथम नीट मांडली. 1931 साली रिचर्ड्‌सने असंपृक्त मातीतून पाणी कसे वाहते त्याचे समीकरण दिले, ते आजही चालते. आपल्याकडे 1933 साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. पावसाची ओल जमिनीत कशी मुरवायची, किती खोल जाते, पीक ती कशी वापरते, याच्या नोंदी तिथे होऊ लागल्या. ना. वि. कानिटकरांचे भारतातील कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक 1944 चे. 1968 साली स्थापन झालेले राहुरीचे कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. ओलीचे ज्ञान असे अगदी दाराशी होते, पण बांधकामाच्या कागदांत ते फारसे शिरले नाही.

दुसरे घर इंजिनिअरांचे. कार्ल टेरझागीच्या 1925 च्या ग्रंथापासून आधुनिक मृदयांत्रिकी सुरू झाली असे मानतात. त्याच्या विचाराचा कणा परिणामी ताण हा होता: एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केला की उरतो तो ताण माती सोसते. भूजलाच्या पातळीखालच्या मऊ चिकणमातीसाठी हे तत्त्व सोन्यासारखे आहे. पोकळीत हवा आली की प्रश्न येतो, वजा काय करायचे? लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा बिशप याने 1959 साली वाट काढली: पाण्याच्या दाबाला एका गुणकाने गुणायचे, माती पूर्ण ओली असेल तर गुणक एक आणि पूर्ण कोरडी असेल तर शून्य. तीनच वर्षांनी जेनिंग्ज आणि बरलंड यांनी दाखवले की सैल माती पाणी मिळताच ढासळते तेव्हा या सूत्राचा अंदाज उलटा येतो. सूत्राप्रमाणे ओढ गेली म्हणजे मातीने सैल व्हायला हवे, आणि ती तर खाली बसत होती.

या खटक्यातून पुढच्या परंपरा निघाल्या. कॅनडात फ्रेडलुंड आणि मॉर्गनस्टर्न यांनी 1977 साली म्हटले की भार आणि ओढ ही दोन स्वतंत्र बळे माना, एकात कोंबू नका. बार्सिलोनाच्या अलोन्सो, जेन्स आणि जोसा यांनी 1990 साली फुगणे, ढासळणे आणि भाराखाली दबणे यांना एका मांडणीत बसवले. अलीकडे लू आणि लायकोस यांनी बिशपच्या वाटेला नवा अर्थ देऊन एकच ताण पुन्हा पुढे आणला. असंपृक्त मातीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1995 साली पॅरिसला भरली, म्हणजे टेरझागीनंतर सत्तर वर्षांनी. या वादात माझा कल विचाराल तर साइटवर काम करणाऱ्याने दोन बळांची भाषा धरावी. भार किती आणि ओढ किती, हे दोन प्रश्न वेगळे विचारले की निदान दुसरा विसरला जात नाही.

फुगणाऱ्या मातीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मात्र सिद्धांताची वाट पाहिली नाही. दक्षिण आफ्रिका, टेक्सस, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार ठिकाणी घरे तडकत होती, कालव्यांचे अस्तर उचलत होते. तिथे उपाय आधी आले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल रुळवले. खोल काळीत ते निदान साडेतीन मीटर न्यावेत असे आपले मानक सांगते, कारण त्याखाली ऋतूंचा हात सहसा पोचत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांचे काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी पाहिले की काळी माती वरच्या मीटरभरात फुगते आणि मऊ पडते, पण त्याखाली, पाणी असूनही, बरीच स्थिर राहते. वरच्या थराची संसक्ती खालच्या थराला आवरून धरते, असे त्यांचे निदान. मग त्यांनी सुचवले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा थर द्यावा, म्हणजे निसर्गाने केलेली व्यवस्था आपणच उभी करावी. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर हा उपाय वापरला गेला आणि पुढे तो कालव्यांच्या मानकात आला. प्रयोगशाळेतल्या एका डबीपुरते न पाहता जमीन उभ्या छेदात वाचली की काय हाती लागते, याचा हा दाखला आहे.

रस्त्यांच्या शाखेने ऋतूचा प्रश्न सर्वांत आधी कागदावर आणला. बेंकेलमन बीमने रस्त्याचे दबणे मोजायची पद्धत सांगणारे इंडियन रोड्स काँग्रेसचे 1997 चे मार्गदर्शक सांगते की मोजणी पावसाळा संपल्याबरोबर, जमीन सर्वांत दुबळी असताना करावी. इतर वेळी केली तर मातीची ओल, तिचा सुघट्यता निर्देशांक आणि गावचा वार्षिक पाऊस 1300 मिलिमीटरच्या आत की बाहेर, हे पाहून दुरुस्ती लावावी. नव्या रस्त्यासाठी मात्र नमुना चार दिवस पाण्यात बुडवून त्याचा सीबीआर (रस्त्याखालच्या मातीच्या बळाचा आकडा) काढायचा हा सरसकट रिवाज. कमी पावसाच्या मुलखात, रस्त्याला जाड डांबरी थराचे संरक्षण असेल तर ही कसोटी फार कडक होते, हे आता रस्त्यांच्या मार्गदर्शकातही मान्य झाले आहे. बुडवलेला नमुना सुरक्षित खरा. पण जागेवर शंकू टोचून काढलेला आकडा आणि बुडवलेल्या नमुन्याचा आकडा एकाच अहवालात शेजारी बसतात, त्यांच्यात दुपटी-चौपटीचा फरक दिसतो, आणि तो फरक ओलीचा आहे हे लिहायची तसदी कुणी घेत नाही. मग ठेकेदार एका आकड्याला धरून भांडतो आणि खाते दुसऱ्याला.

चाचण्यांचे एकेक रूप पाहिले तर ऋतू प्रत्येकीत वेगळ्या दाराने शिरतो. एसपीटी या ठोक्यांच्या चाचणीत साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून पडतो आणि ठोके मोजले जातात. वाळलेली काळी ठोके खाते आणि कागदावर ती दाट, भक्कम माती म्हणून जाते. हलक्या शंकूचे, आठ किलोच्या घणाचे यंत्र ग्रामीण रस्त्यांवर फिरते. ते भेगेत शिरले तर लोण्यासारखे जाते आणि ढेकळावर बसले तर अडते. प्लेट लोड चाचणीत तीस सेंटिमीटरची प्लेट वापरली तर तिचा भार जेमतेम अर्धा-पाऊण मीटर खोल जाणवतो. उघड्या रानात वरच्या वाळलेल्या कवचावरच चाचणी संपते. प्रत्यक्ष इमारतीचा दीड-दोन मीटर रुंद पाया या कवचापलीकडच्या ओल्या थराला जाऊन टेकतो. वेन शिअर ही मऊ, संपृक्त चिकणमातीची चाचणी. भेगाळलेल्या मातीत ती फिरवली तर मापले जाते ते ढेकळांचे एकमेकांवर घासणे. पाणी मुरण्याच्या दोन कड्यांच्या चाचणीत मे महिन्यात पहिले दोन-तीन ड्रम पाणी भेगा पिऊन टाकतात, आणि त्याच जागी भेगा मिटल्यावर पाणी तासन् तास तसेच उभे राहते. शेततळ्याला अस्तर लागेल की नाही, हा निर्णय यातल्या कोणत्या दिवशी घेतला यावर पन्नास हजारांचा फरक पडू शकतो.

या सगळ्यात एक गुंतागुंत अशी, की ओल नुसती मोजून भागत नाही. ओल चढती आहे की उतरती, हेही पाहावे लागते. पहिल्या पावसानंतर वीस टक्के ओल असलेली माती आणि दिवाळीनंतर वाळत येऊन वीस टक्क्यांवर आलेली माती सारख्या वागत नाहीत. त्याच ओलीला वाळत्या मातीत ओढ जास्त असते. म्हणून वहीत नुसती टक्केवारी लिहून मी त्या वैशाखात सुटलो असतो असेही नाही. तारीख हवी, गेल्या पंधरवड्याचा पाऊस हवा, आणि तीन मीटरपर्यंत दर तीस सेंटिमीटरला ओलीचा डबा हवा. शक्य असेल तिथे ओढही मोजावी. पाण्याने भरलेला टेन्शिओमीटर ऐंशी-पंच्याऐंशी किलोपास्कलपर्यंत साथ देतो, पुढे त्याच्यात बुडबुडे होतात. त्यापलीकडे व्हॉटमन 42 नंबरचा गाळणकागद मातीच्या मधोमध ठेवून हवाबंद डब्यात आठवडाभर बंद करायचा आणि कागदाने किती ओल घेतली ते चार दशांशांपर्यंत तोलायचे. ही पद्धत स्वस्त आहे, एका तालुक्याच्या गावात होऊ शकते, पण तिला धीर लागतो.

आपल्या चाचण्या कोरड्या महिन्यांतच का होतात, याचे उत्तर शास्त्रात नाही. रिग ओल्या काळीत शिरत नाही, हे एक. रान पिकात असते तोवर शेतकरी खोदू देत नाही, हे दुसरे. आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, हे तिसरे आणि सर्वांत जड. जानेवारी ते मे या पाच महिन्यांत बहुतेक बोअर होतात. माझ्या पाहण्यात आलेल्या कपाटांमधल्या फाइली उघडल्या तर काळ्या मातीबद्दलची आपली बहुतेक माहिती म्हणजे उन्हाळ्याची माहिती आहे. तिच्यावरून आपण पावसाळ्यासाठी बांधतो.

याची किंमत आज जास्त मोजावी लागते, कारण आपण आता पांढरी सोडून काळीवर राहायला निघालो आहोत. तालुक्याच्या प्रत्येक गावाभोवती बिगरशेती प्लॉट पडत आहेत आणि ते बहुतेक काळीत आहेत. पावसाळ्यात दार चौकटीत अडते आणि उन्हाळ्यात मोकळे होते, हे त्या घरांतल्या बायका सांगतात. घराखाली बाष्पीभवन थांबते, मधली ओल वर्षागणिक वाढत जाते आणि फरशी मध्यभागी उचलते; कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे वर-खाली होत राहते. रस्त्याचेही तसेच, डांबराखालची मधली माती स्थिर आणि कडेचा मीटरभर पट्टा हलता. म्हणून तडे कडेला समांतर जातात. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावोगाव रस्ता नेला, सौर वाहिनीच्या योजनांनी पडीक रानांत सौर पॅनेलांच्या लोखंडी खांबांच्या रांगा उभ्या केल्या. हे खांब दीड-दोन मीटर खोल, म्हणजे पूर्णपणे ऋतूंच्या राज्यात. उन्हाळ्यात खांब उपटायची चाचणी केली तर माती आक्रसून खांबापासून सुटलेली असू शकते, किंवा उलट टणक ढेकळाने त्याला घट्ट पकडलेले असू शकते. दोन खांबांत चार हातांचे अंतर आणि दोन वेगळी उत्तरे. पाऊसही पूर्वीच्या चालीने पडत नाही. महिनाभराची उघडीप आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, असे झाले की भेगांतून पाणी थेट खोल उतरते आणि माती वरून व खालून एकदम ओली होते.

डोंगराच्या उताराला हे जिवावर बेतते. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी गेली. अशा उतारांवर खडकावरची झिजलेली माती वर्षभर उभी राहते त्यात ओढीचा वाटा असतो. सततच्या पावसाने ती सुटते, खाली पाण्याचा दाब चढतो आणि उतार सरकतो. कोरड्या दिवसांत उतारावर केलेल्या चाचणीत हे दिसत नाही, कारण त्या दिवशी ओढ हजर असते.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते थोडक्यात सांगतो. हे मृदयांत्रिकीचे पाठ्यपुस्तक नाही आणि मानकांची जागा घेणारे तर मुळीच नाही. डिप्लोमा करून साइटवर आलेली मुले, प्रयोगशाळेतले सहायक, पाणलोटाची आणि रस्त्यांची कामे पाहणारे शाखा अभियंते, आणि आपल्या प्लॉटचा माती अहवाल हातात धरून बसलेला घरमालक, हे माझे वाचक. प्रत्येक चाचणी इथे दोनदा येते: एकदा ती उतरत्या ओलीत, हस्त-चित्रानंतर कशी वागते ते, आणि एकदा वैशाखात कशी वागते ते. दोन फेऱ्या परवडत नसतील तर एका फेरीत काय काय जास्तीचे टिपावे, म्हणजे दुसरीचा अंदाज बांधता येईल, यावर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. काम झाल्यावर, फरशीखाली किंवा डांबराखाली, त्या मातीची ओल कुठे जाऊन स्थिरावेल हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे, कारण चाचणीच्या दिवसाची ओल आणि इमारतीच्या आयुष्यातली ओल यांना जोडणारा दुवा तोच आहे. त्रिअक्षीय चाचण्या आणि संगणकी प्रतिमाने मी बाजूला ठेवली; त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर आहे आणि तालुक्याच्या गावी ती यंत्रे नाहीत.

शब्दांबद्दल एक निवेदन. रूढ झालेले इंग्रजी शब्द मी तसेच ठेवले आहेत. बोअर, प्लेट, सीबीआर यांना मराठी प्रतिशब्द शोधून साइटवर कुणी वापरणार नाही. पण ओल, ओढ, वाफसा, भेग, ढेकूळ, बरड, चोपण हे शब्द मी जाणूनबुजून तांत्रिक शब्द म्हणून वापरले आहेत आणि प्रत्येकाची मोजता येईल अशी व्याख्या दिली आहे. शेतकऱ्याला विचारून जमिनीचा पूर्वेतिहास लिहायचा असेल तर प्रश्न आणि उत्तर एका भाषेत असायला हवेत. या रानात पाणी कुठे थांबते, भेग किती खोल जाते, जुनी विहीर किंवा बुजवलेला ओढा कुठे आहे, मागच्या वर्षी काय पेरले होते, हे चार प्रश्न मी आता बोअरच्या आधी विचारतो. त्यांचे रकाने शेवटी दिलेल्या नोंदपत्रकात तारखेच्या लगेच खाली आहेत.

या कामात ज्यांचे हात लागले त्यांत सर्वांत आधी आठवतो तो वैशाखात सिलिंडरला कान लावणारा मुलगा. आता तो स्वतः चाचण्या घेतो. नमुना वर आला की आधी ओलीचा डबा भरतो, झाकण लावून त्यावर चिकटपट्टी फिरवतो, डबा सावलीत ठेवतो, आणि मगच ठोक्यांचा आकडा विचारतो.